बरणीतला पंचनामा

कापूस वेचायला जायचं टाळावं, एवढाच माझा विचार होता. बोंडअळीच्या त्या साली वेचणीला मजूर मिळेना (किडकं बोंड वेचून अंगाला खाज सुटते), म्हणून माझी बायको महामाया रविवारी भावाच्या शेतात निघाली. मी चिखलीच्या एका कॉलेजात क्लार्क. नेमकं त्याच दिवशी आमचे प्राणिशास्त्राचे सर ज्ञानगंगेच्या खोऱ्यात फुलपाखरांचं सर्वेक्षण करणार होते. मी हात वर केला.

"सरकारी काम आहे," मी घरी सांगितलं.

"पाखरं पाह्यणं सरकारी काम?"

"पर्यावरणाचं आहे ना!"

तिनं फडकं घेतलं आणि एकटी गेली.

डोंगरात मी दिवसभर जाळी घेऊन धावलो. फुलपाखरू एकही सापडलं नाही, पँट मात्र काट्यांत फाटली. शेवटी सरांना दया आली. त्यांनी लिंबोणीच्या झुडपावरच्या हिरव्या अळ्या मला दिल्या. "घरी वाढवा. फुलपाखरं झाली की सोडू. उद्या आधी प्राचार्यांना दाखवा." घरी आल्यावर मी त्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवल्या, वर कागद गुंडाळला.

संध्याकाळी महामाया आणि तिचे थोरले भाऊ जानराव आले. त्यांच्याही हातात तश्शीच बरणी, कागदात गुंडाळलेली. (आतलं बघवत नाही म्हणून महामायेनंच गुंडाळली होती.)

"कृषीचा साहेब वावरात येत नाही म्हंते," जानरावभाऊ म्हणाले. "भरपाईच्या पंचनाम्याले अळ्याच ऑफिसात घेऊन या म्हंते. बीटी कपाशीले अळी लागत नाही, असं बियाण्याच्या पाकिटावर लिहून होतं. अळीले वाचता येत नसन!"

मी हसलो. बाकी कुणी नाही.

सकाळी भाऊ जीपमध्ये बसले आणि ओरडले, "भाऊजी, बरणी राह्यली!" मी तत्परतेनं धावलो. (मी तत्पर झालो की घरात कुणीतरी रडतं.) बरणी दिली, जीप गेली.

पुढचं मला नंतर कळलं. ऑफिसात भाऊंनी कागद काढला. साहेबांनी अळीला काडीनं डिवचलं, तर तिनं डोक्यातून लाल शिंगं काढली!

"ही तर लिंबोणीवरची अळी," साहेब म्हणाले. "पंचनामा कपाशीचा करू, की सरबताचा?"

रांग हसली. "साहेब, वावरात चला, बोंडं फोडून दाखवतो," भाऊ म्हणत राहिले. साहेबांनी पुढच्या माणसाला बोलावलं. मुदतीचा तो शेवटचा दिवस होता.

तिकडे मी प्राचार्यांसमोर ऐटीत कागद काढला. आत सडकी बोंडं आणि वळवळणाऱ्या गुलाबी अळ्या. सरांनी मान खाली घातली. प्राचार्य मात्र खूश.

"रंग छान आहे! फुलपाखरू पण गुलाबीच निघेल का हो?"

परत जाताना भाऊ आमच्याकडे थांबले. चहा अर्धा ठेवला, टोपी घातली, गेले. महामाया पाठ करून उभी होती. भरपाई हुकली; त्या वर्षी भाऊंच्या पोरीचं नर्सिंगचं शिक्षण राहिलं, ते राहिलंच.

बऱ्याच दिवसांनी मी धीर केला. "भाऊ काही म्हणाले का माझ्याबद्दल?"

"हाव."

"शिव्या दिल्या?"

"नाही. म्हने, पंधरा दिवसांत अळीचंबी पाखरू होते. भाऊजीच्या लग्नाले वीस वर्सं झाली."