साबणाचं कूळ

आमचे शेजारी नाना दीक्षित नव्या माणसाचं गाव विचारत नसत. त्याच्या तोंडच्या शब्दांचं विचारत. घराणं तीर्थोपाध्यायांचं. वडिलांनी जन्मभर रामकुंडावर यात्रेकरूंची कुळं विचारली. नाना हायस्कुलात मराठी शिकवता शिकवता शब्दांची विचारू लागले. "चावी? फिरंगीण ती, गोव्याकडून आलेली. तोफ तुर्कीण. आपल्याकडे नांदायला आल्या अन् माहेर विसरल्या!"

पेन्शनीत गेल्यावर नानांची संध्याकाळ हाजीसाहेबांच्या साबण-अत्तराच्या दुकानात जायची. तिथे 'साबण' या शब्दावरूनच जुंपे. मूळपुरुष रोमचा, हे दोघांनाही मान्य. भांडण एवढंच, की तो आपल्याकडे कुठल्या वाटेनं आला.

"समुद्रानं! वसईला फिरंग्यांबरोबर उतरला. ते 'साबांव' म्हणतात."

"जमिनीवरून आला, नानासाहेब. हजला तुर्कांच्या शेजारी उतरलो होतो मी. 'साबुन' म्हणतात ते. या कानांनी ऐकलंय!"

गिऱ्हाईक वडी हातात घेऊन ताटकळायचं. आम्हा आळीकरांना याचा कोण अभिमान! पुण्याचा पाहुणा आला, की काळारामाचं दर्शन झाल्यावर त्याला थेट दुकानावर न्यायचो. "आहे तुमच्याकडे असलं भांडण?"

नाना हरणारे नव्हेत. शाळा तपासायला आलेल्या गोऱ्या साहेबानं त्यांचा एक शब्द खोडला, तेव्हा भर वर्गात त्यांनी "पुरावा?" म्हणून विचारलं होतं. बढती गेली, मान वाकली नाही.

एका हिवाळ्यात हाजींच्या फुप्फुसाला सूज आली. डॉक्टरांनी हात टेकले. दुकानाला कुलूप लागलं. नाना संध्याकाळी कोट चढवून तिथवर जात, बंद दारासमोर उभे राहत आणि परत येत.

एक दिवस मला म्हणाले, "चला माझ्याबरोबर." हाजींच्या उशाशी बसले. घसा खाकरून म्हणाले, "हाजीसाहेब, तुमचंच खरं. साबण तुर्कांबरोबरच आला."

मी थक्क झालो. हाजींनी डोळे उघडले.

"का हो, मी मरतोय की काय?"

"छे, छे!"

"मग हरता कशाला?" हाजी धडपडत उठून लोडाला टेकले. "असं फुकट जिंकायचं नाही मला. उद्या या, अन् नीट भांडा!"

बाहेर आल्यावर नानांनी उपरण्यानं डोळे पुसले. "खोटं बोलायला गेलो हो. या वयात दुसरा कोण भेटणार मला?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच नाना ठेवणीतली पगडी घालून निघाले. आळी दारात उभी राहून बघत होती. आजाऱ्याच्या समाचाराला एवढ्या तोऱ्यात जाणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.