बुरशीचं उद्दिष्ट

कोणतंही झाड एकट्याच्या बळावर उभं राहत नाही, हे शास्त्राला फार उशिरा कळलं. सरकारी खात्यांना ते आधीपासून ठाऊक होतं. तिथे कुणीच एकट्याच्या बळावर उभं नसतं.

शेलूबाजारहून जीपने आत गेलं की लागणाऱ्या रोपवाटिकेचे वनपाल माणिकराव यांना हे शास्त्र चौऱ्याहत्तर साली एका प्रशिक्षणात भेटलं. (जायचं दुसऱ्याला होतं, त्याच्या घरी लग्न निघालं.) तिथे सांगण्यात आलं की जुन्या झाडांच्या मुळांना एक बुरशी धरून असते. ती दुरून ओल आणून झाडाला देते, झाड तिला आपल्या पानांत तयार केलेली साखर देतं. ना करार, ना निविदा, तरी व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या बिनतक्रार चालू आहे. माणिकराव भारावून परतले.

त्यांनी टेकडीवरच्या जुन्या धावडा-अंजनाच्या झाडांखालची माती आणवली आणि रोपांच्या पिशव्यांत मूठमूठ मिसळली. माती वाहणाऱ्या बायांत लिलाबाई पुढे असे. दुष्काळ सरला होता, पण तिच्या घरून तो अजून पुरता निघाला नव्हता. रोपं मात्र अशी तरारली की घरी जाण्याआधी माणिकराव वाफ्यांतून एक फेरी मारत, आणि कुणी पाहत नसेल तर एखाद्या पानावरून बोट फिरवत.

इथवर सगळं ठीक होतं. मग त्यांनी ते वर कळवलं.

वृक्षसंगोपन उपविभागाचे दौलतसिंग साहेब स्वतः येऊन पाहून गेले आणि प्रसन्न झाले. त्यांनी प्रत्येक रोपवाटिकेला बुरशीचं उद्दिष्ट ठरवून दिलं, क्विंटलमध्ये. बुरशी कोणती, याचा उल्लेख आदेशात नव्हता. (उल्लेख जितके कमी, तितकी अंमलबजावणी सुलभ.) जंगलातली माती वजनाने हलवायची तर परवाना लागतो, म्हणून ती वगळण्यात आली.

त्याच सुमारास एका गोदामात (कोणत्या, ते विचारू नये, गोदामालाही अब्रू असते) दुष्काळात वाटायला आलेली लाल ज्वारी वाटपाच्या आदेशाची वाट पाहत पडली होती. आदेशाआधी दुष्काळ संपला, आणि गळक्या पत्र्यांखाली ज्वारीला हिरवी-काळी बुरशी धरली. चौकशी लागण्याच्या बेतात होती. उद्दिष्ट जाहीर झालं आणि चौकशीचं कारणच उरलं नाही. सडकं धान्य 'बुरशी, उत्तम प्रत' म्हणून रोपवाटिकांकडे रवाना झालं.

"साहेब, ही ती बुरशी नव्हे," माणिकराव म्हणाले.

"माणिकराव, तुम्ही तरी जात पाहू नका," दौलतसिंग साहेब शांतपणे म्हणाले.

माणिकरावांचे वडील छप्पन सालीच धम्मात आले होते. त्यांनी पोत्यांच्या पोचपावतीवर सही केली. नोकरी अजून कायम व्हायची होती.

पोती उतरली. लिलाबाईने एकात हात घातला आणि बाहेर काढलेली मूठ बराच वेळ पाहिली.

"सायेब, हे तं ज्वारी हाये."

"होती."

"तवा मांगाले गेलो तं आमाले हाकलून देलं. आता झाडाले काहून देऊन राह्यले?"

"वरून हुकूम आहे, बाई."

"झाडानं मांगतली काय?"

माणिकराव हजेरीपट चाळू लागले.

त्या दिवसापासून शेवटच्या वाफ्यावरच्या बाया, लिलाबाई धरून, त्या वाफ्याची ज्वारी पिशव्यांत न घालता घरी जाताना ओटी जड करून जाऊ लागल्या. बरे दाणे निवडायचे, चार पाण्यांनी धुवायचे, उन्हात टाकायचे. त्यांची जायची वेळ झाली की माणिकराव विहिरीत वाकून पाहत. त्या दिवसांत त्या विहिरीची जेवढी तपासणी झाली, तेवढी खोदतानाही झाली नव्हती.

मग पाऊस लागला. पिशव्यांतलं धान्य तापलं, आंबलं, उंदीर आले, मुळं काळी पडली. जिथे जिथे आदेशाचं काटेकोर पालन झालं, तिथली सर्व रोपं मेली. माणिकरावांनी एक पिशवी फाडून मुळं तळहातावर घेतली. ती चिखलासारखी पसरली. ते तसेच उकिडवे बसून राहिले. शेवटचा वाफा तेवढा डोलत होता.

दौलतसिंग साहेब आले ते थेट त्याच वाफ्यापाशी थांबले.

"यात किती घातली?"

लिलाबाई टोपली खाली ठेवून उभी होती. खरं सांगावं, तर सरकारी बुरशी चोरल्याचा गुन्हा तिच्यावर आणि तिच्यासोबतच्या बायांवर.

"पूर्ण घातली, साहेब," माणिकराव म्हणाले. "थोडी जास्तच."

साहेबांनी निष्कर्ष काढला: मेलेली रोपं बुरशी कमी पडल्याने मेली. पुढच्या सालचं उद्दिष्ट दुप्पट झालं. तेवढी बुरशी तयार व्हायची तर धान्य भिजायला हवं, म्हणून गोदामाचे पत्रे बदलण्याचा प्रस्ताव रद्द झाला आणि नव्या ज्वारीचं वाटप थांबवण्यात आलं. माणिकराव नोकरीत कायम झाले. प्रशिक्षणात आता ते स्वतः शिकवतात. बुरशीचा विषय निघाला की घसा खाकरतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. लिलाबाईचं काम टिकलं. ज्वारी मात्र तिला आता बुरशी धरल्यावरच मिळते.

योजना कायम करण्यापूर्वी नागरिकांच्या हरकती मागवण्यात आल्या. सूचना रीतसर लावली होती, गोदामाच्या आतल्या भिंतीवर. मुदतीत एकही हरकत आली नाही. सबब सर्व नागरिकांची संमती आहे, असं धरण्यात आलं. 'सर्व' या शब्दात आपणही येता. तेव्हा आपण काही कळवलं नव्हतं, आणि आता सगळं वाचून झाल्यावरही कळवणार नाही, याची खात्याला खात्री आहे. या सहकार्याबद्दल खातं आपलं आभारी आहे.