शांत यंत्राबद्दल तक्रार

फुलचूरचे आमचे शेजारी हिरामणभाऊ पटले करवतीचे यंत्र पाहावयास निघाले, की घरचे स्टूल डोक्यावर घेऊनच निघतात. "ज्या बैठकीनं कापाचं, त्याच बैठकीनं पाहाचं जी," हा त्यांचा सिद्धान्त. पातळ फळीतून मोर, वेलबुट्टी कोरून काढणाऱ्या या यंत्राला दुकानदार 'स्क्रोल सॉ' म्हणतात. भाऊ त्यास 'पोरगी' म्हणतात आणि पाहण्याचा कार्यक्रमही तसाच करतात. एकीचे पाते थरथरते म्हणून नापसंत, दुसरीची मान आखूड, तिसरी "रंगानं बरी, पन मिजास लय."

खरी अट एकच होती. जुने यंत्र जळाले, तेव्हा नवे शांत हवे. लकव्यानंतर त्यांच्या पत्नीचा, सेवंताबाईंचा, आवाज फार बारीक झाला होता. आतल्या खोलीतून त्यांनी हाक मारली आणि यंत्रापायी ती ऐकूच आली नाही, तर? या धास्तीने भाऊंना घास गोड लागत नसे.

मी तहसील कचेरीसमोर अर्ज लिहितो. माझ्या शब्दाला वजन आहे, म्हणून भाऊंनी मला गोंदियाच्या बाजारात सोबत नेले. तेथे नेमून दिलेले काम मात्र माझ्या प्रतिष्ठेस शोभणारे नव्हते. भाऊ यंत्र सुरू करून स्टुलावर बसत आणि मी रंगाच्या डब्यांमागे उभे राहून बायकी आवाजात म्हणावयाचे, "अजी, आयकता का?"

"अजून बारीक, वकीलसाहेब!" भाऊ ओरडत.

गिऱ्हाईके जमली. दुकानदार म्हणाला, "भैया, मशीन ले रहे हो कि नाटक की प्रैक्टिस है?"

अखेर एका यंत्रावर माझी हाक स्पष्ट पोहोचली. भाऊंनी भर दुकानात मला मिठी मारली.

दुसऱ्याच दिवशी भाऊ ते यंत्र परत करण्याचा अर्ज मागावयास आले.

"काऊन? बिघडलं का?"

"आवाजच नाही जी त्याले! सेवंता घडीघडी इचारते, 'अजी, घरी हाव का?' मी हाव म्हनतो, मंग पुन्हा इचारते. खडखड आयकू नाही आली तं तिले वाटते, मी कोठी निंगून गेलो. जीव घाबरते तिचा."

मी लिहिले, "सदर यंत्र अत्यंत शांत असल्यामुळे अर्जदाराच्या कुटुंबास असह्य त्रास होत आहे. सबब, मोठ्या आवाजाचे यंत्र बदलून मिळावे." दुकानदाराने अर्ज वाचला, कपाळाला हात लावला आणि कोपऱ्यातले सर्वांत जास्त खडखडणारे यंत्र काढून दिले.

ते सुरू झाले, म्हणजे भाताची गिरणी घरात शिरल्याचा भास व्हावा. आता हाक कशी ऐकणार, हे विचारावयास मी गेलो, तर भाऊंनी यंत्र थेट सेवंताबाईंच्या खाटेला भिडवून मांडलेले. त्यांचा गुडघा खाटेला टेकलेला, चादरीवर लाकडाचा भुसा, आणि त्या खडखडाटात बाई गाढ झोपलेल्या.

माझे बोलणे मलाच ऐकू येईना. मी बटणाकडे हात नेला. भाऊंनी माझे मनगट घट्ट धरले.

"बंद नोका करू जी," ते माझ्या कानाशी लागून म्हणाले, "लागलीच जागी होते ते."