तुंबलेली शिट्टी

तुंबलेलं काहीही द्या, मी मोकळं करून देतो! उभं आयुष्य नळदुरुस्तीत गेलं. मोऱ्या, गटारं, टाक्यांचे पाइप, सगळे माझ्यापुढे निमूट वाहते झाले. अक्षरं शिकलो तेव्हा डोक्यावर काळा केस शोधूनही सापडत नव्हता. तरी शिकलो. मग सहा भोकांची पत्र्याची शिट्टी ती काय! तसं मी घरात जाहीरच करून टाकलं.

हे सगळं आक्कासाठी. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, मला हिनेच वाढवलं. कपडे धुताना ती एक शीळ घालायची, वर वर चढत जाणारी आणि शेवटी हळूच खाली उतरणारी. आता ती अंथरुणाला खिळली होती. पोटच्या लेकीलाही ओळखत नव्हती, नुसती भिंतीकडे बघत पडायची. मला वाटायचं, ती शीळ कानावर पडली तर एकदा तरी माझ्याकडे बघेल. ओठांनी घालून पाहिली, तर शिळेच्या आधी कवळीच बाहेर आली! म्हणून ही शिट्टी.

शिट्टी सुरुवातीला छान वाजायची. मग घसा बसल्यासारखी खरखरायची, आणि पुढे नुसतंच फुस्स!

"कोणी कुकर चढवलाय का?" स्वयंपाकघरातून आमच्या हिचा आवाज.

"शिट्टी तुंबली."

"मग करा की मोकळी! गावभरच्या मोऱ्या उपसल्या आणि वीतभर नळीपुढे हात टेकले?"

मी मोरीची तार काढली. तिने ती माझ्या हातातून हिसकावली आणि मला दुकानात पिटाळलं.

वाद्यांच्या दुकानातल्या बाईंनी शिट्टी उजेडात धरली. "बिघाड काही नाही, आजोबा. तुमचा श्वास गरम, पत्रा थंड. तोंडाजवळच्या या चिरेत वाफेचं पाणी धरतं. वाजवायच्या आधी काखेत धरून गरम करत जा. तरी अडकली, तर पुढच्या या खिडकीवर बोट ठेवून जोरात फुंकायचं."

"आणि कायमचा इलाज?"

"साबणाच्या पाण्याचा एक थेंब चिरेत सोडा आणि वाळू द्या. मग पाणी अडून राहत नाही, ओघळून जातं."

थेंब! आमच्या धंद्यात थेंब हे गळतीचं माप, औषधाचं नव्हे. घरी येऊन भांडी घासायच्या साबणाची बाटलीच मी चिरेवर उपडी केली. वाळू द्या म्हणाल्या होत्या खऱ्या, पण ते काय सिमेंट होतं? शिट्टी काखेत मारली आणि तसाच आक्काकडे निघालो.

भाचीने दार उघडलं. माझा दंड अंगाला घट्ट चिकटलेला.

"मामा, ताप मोजताय?"

"छे! नीट गरम झालं की काढतो."

"म्हणजे अजून वाढतोय? आईजवळ जाऊ नका हं! बसा इथेच!"

मी तोंड उघडेपर्यंत ती ओली पट्टी घेऊन आली. शेवटी मी काखेतून शिट्टी काढून दाखवली. तिने ती पट्टी मुकाट्याने स्वतःच्या कपाळावर ठेवली.

आक्का भिंतीकडे तोंड करून पडली होती. बोटं मात्र सवयीने चादर पिळत होती. धुणं संपलं, पिळणं काही संपलेलं नव्हतं.

"आक्का, मी आलोय गं."

ती चादर पिळतच राहिली.

मी वाजवायला घेतलं. सूर चढला, आणखी चढला. आता हळूच उतरायचं, तोच... फुस्स! मी खिडकीवर बोट दाबलं आणि जिवाच्या आकांताने फुंकलं.

फेस आला! चिरेतून, भोकांतून, माझ्या मिशांतून! बोट काढलं तर खिडकीतून फुगे सुटले. पलंगभर फुगे!

"मामा! अहो, हे काय चालवलंय?" भाची टॉवेल घेऊन धावली.

तेवढ्यात लिंबाएवढा एक फुगा तरंगत गेला, आक्काच्या नाकावर टेकला आणि फुटला. तिने मान वळवली.

"शेंबड्या!"

मला या नावाने हाक मारणारं जगात आता एकच माणूस उरलं होतं.

"कपड्यांचा साबण पुन्हा खेळायला घेतलास? थांब, बघतेच तुला!"

ती खरंच बघत होती. थेट माझ्याकडे. भाचीचा टॉवेल हातातच राहिला. मला काहीतरी बोलायचं होतं, पण माझाच गळा तुंबला, आणि त्याला काही खिडकी नसते बोट ठेवून फुंकायला.

थोड्या वेळाने आक्काची नजर पुन्हा भिंतीकडे गेली. बोटं मात्र थांबली होती.

भाची डोळे पुसत दारापर्यंत आली. "मामा, उद्याही या."

"येणारच! शिट्टी चांगली वाळवून आणतो. अख्खी शीळ वाजवतो की नाही बघ!"

"शिट्टी राहू द्या घरी," ती म्हणाली. "नुसता साबण आणा."