‘सीरियसली’ या शब्दाची नोंद

“साडेदहाच्या आत या शब्दाचा सोक्षमोक्ष लावतो आणि अकराला तुझ्याबरोबर डॉक्टरकडे येतो,” असं कोशकारांनी बायकोला छातीठोकपणे सांगितलं. तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख आज ठरायची होती. याआधी दोनदा ती एकटीच लंगडत जाऊन आली होती. एकदा ‘टेन्शन’ हा शब्द आडवा आला होता, एकदा ‘फीलिंग’.

आजचा शब्द होता ‘सीरियसली’, आणि त्याच्या नुसत्या नावानं कोशकारांच्या मस्तकात तिडीक जात होती. घरात ‘खरंच’, ‘मनापासून’, ‘गांभीर्याने’ अशी धडधाकट मंडळी असताना हा पाहुणा येतो काय आणि पलंगावर पाय पसरून बसतो काय! पण लोक बोलतात म्हटल्यावर शब्दकोशात जागा देणं भाग होतं. दातओठ खात त्यांनी लिहिलं: मूळ लॅटिन, तिथून फ्रेंच, मग इंग्रजी. अर्थ एक, गांभीर्याने. अर्थ दोन, जिवावर बेतेल इतकं. अर्थ तीन, ‘काय सांगता?’ असा अविश्वास. उदाहरण: त्याने प्रस्तावाचा सीरियसली विचार केला.

दहा वाजता संपादकांचा फोन आला. “असं कोण बोलतं हो? तुमच्या घरी बोलतात? जित्याजागत्या माणसाच्या तोंडचं वाक्य द्या, नाहीतर नोंद चष्मिष्टाकडे देतो.”

चष्मिष्ट म्हणजे ऑफिसात समोरच्या टेबलावर बसणारा. बावीस वर्षांत कोशकारांची एकही नोंद त्याच्याकडे गेली नव्हती. त्यांचं डोकंच फिरलं. चार वाक्यं लिहिली, चारही फाडली, पेन भिंतीवर फेकलं.

दारात बायको फाइल घेऊन उभी होती. “अहो, पावणेअकरा झाले.”

“इथे माझी अब्रू जायची वेळ आलीय आणि तुला गुडघा सुचतोय?”

तिचा चेहरा लालबुंद झाला. “लग्नाला सव्वीस वर्षं झाली. शब्दाला शिंक आली तरी तुम्ही रजा काढता. मला तुम्ही कधी सीरियसली घेतलंच नाही.”

कोशकार ताडकन उठले. तिला वाटलं, आता माफी मागणार. त्यांनी खिशातून कोरी चिठ्ठी काढली.

“पुन्हा म्हण बरं. आधी ‘कधी’, की आधी ‘सीरियसली’?”

आत जाऊन तिनं बॅग भरली, धाकट्या बहिणीला फोन करून बोलावून घेतलं, आणि दोघी जिना उतरून गेल्या. बॅग प्रत्येक पायरीवर आपटत होती, पण कोशकार तेव्हा शुद्धलेखन तपासत होते.

तीन वाजता संपादक खूश. “काय वाक्य मिळवलंत! काळजाला हात घालतं. छापायला पाठवलं.”

कोशकारांचा राग कुठल्या कुठे पळाला. मग घर फार शांत आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. त्यांनी घाईघाईनं बायकोला फोन लावला.

“अगं, तुझं वाक्य पास झालं! कोशात छापून येणार.”

“माझं नाव घातलंत?”

“उदाहरणाखाली नाव घालत नाहीत गं. तशी पद्धत नाही.”

“बरं,” ती म्हणाली. “ऑपरेशन मंगळवारी आहे. फॉर्मवर सगळ्यात जवळच्या माणसाचं नाव विचारलं होतं. मी बहिणीचं घातलंय.”