शोभेचा समुद्र

एका जंगलात, पोरांनो, सगळं होतं. फक्त समुद्र नव्हता. आणि तो नाही म्हणून कुणाचं काही अडलंही नव्हतं.

जंगलाला लागून उघडा माळ होता. माळावर खड्यांच्या खळग्यात टिटवीची चार अंडी होती. टिटवी झाडावर घरटं बांधत नाही. जमीन आपली, ऊन आपलं, मग काटक्या कशाला गोळा करत बसू, असा तिचा रोखठोक कारभार.

जंगलाचा राजा अस्वल. त्याच्या गुहेत साऱ्या पृथ्वीचा नकाशा टांगलेला. आजोबांनी तो एका बंगल्याच्या भिंतीवरून ओरबाडून आणलेला, फणस गुंडाळायला. कोपऱ्यांत गाल फुगवून वारा फुंकणारी गुबगुबीत पोरं, मधे शिंगवाला मासा. हा पुरातन ठेवा आहे, असं राजाला वाटे. एके दिवशी त्याने पारख करायला धनेश पक्ष्याला बोलावलं. धनेशाची चोच केवढी थोरली! एवढी चोच आहे म्हणजे ज्ञान असणारच, असं सगळे धरून चालत.

धनेशाने भिंग लावलं. कागद हुंगला.

"महाराज, हा अस्सल नाही. छापील नक्कल आहे. शोभेची."

अस्वलाचं तोंड उतरलं. तसा धनेश लगेच म्हणाला,

"पण नक्कल अस्सल आहे! जुनी आहे. हल्लीचे लोक नक्कल करताना चुका सुधारतात. इथे मुळातली एकही चूक सुटलेली नाही."

"म्हणजे मोलाची?"

"जमिनीशी जुळली तर अमोल. नाही जुळली तर भिंतीची ओल झाकायचा कागद."

मग जुळवाजुळव सुरू झाली. एक हिरवा ठिपका होता, तो धनेशाने जंगल ठरवला. ठिपक्याशेजारी, माळ हवा तिथे, निळंशार. मूळ नकाशा काढणाऱ्याला तिथे काय आहे ठाऊक नव्हतं. त्याने निळा रंग फासला, मासा काढला आणि जेवायला उठला.

अस्वल गरजला, "नकाशा बरोबर आहे. चूक जमिनीची आहे! हत्तीला सांगा, तळ्याचा बांध फोड. माळावर समुद्र झालाच पाहिजे."

टिटवी धापा टाकत गुहेत आली.

"अहो महाराज, तिथं माझी अंडी आहेत! कुठला मेला समुद्र? रोज पाय भाजतात माझे तिथं!"

"टिटवीबाई," धनेश म्हणाला, "तुम्हाला नकाशा वाचता येतो का?"

"माळ वाचता येतो."

"कुणाकडे शिकलात?"

"कुणाकडे म्हणजे? माळाकडे!"

सगळे खो खो हसले. टिटवी ओरडली की वाईट होतं, म्हणून सशाने कान पाडले. ससाही माळावरच राहायचा, बरं का! पण राजाचा नकाशा म्हटल्यावर त्याचीही मान डोलत होती.

हत्ती निघाला. टिटवीने विनवण्या केल्या, शिव्या दिल्या, गुहेत घिरट्या घातल्या. आणि पचकन, नकाशावर, बरोब्बर त्या निळ्यात! चुकून की मुद्दाम, ते टिटवीला विचारायची माझी छाती नाही.

धनेशाने भिंग लावलं. विष्ठा म्हणावं, तर आत्ताच अमोल म्हटलेला ठेवा नासला. राजा कुणाच्या मानगुटीवर बसेल?

"थांबवा हत्तीला!" तो किंचाळला. "महाराज, हे बेट आहे!"

"मघाशी दिसलं नाही ते?"

"मघाशी भिंग पुसलेलं नव्हतं."

"बेटावर काय असतं?"

"पक्ष्यांची अंडी, महाराज."

अस्वलाने डोकं खाजवलं. माळ सपाट. पाणी सोडलं तर बेट बुडणार. बेट बुडालं तर नकाशा खोटा पडणार. बांध जागच्या जागी राहिला.

दुसऱ्या दिवशी ससा पोटभर पाला खाऊन गुहेशी हजर. मागे तित्तिर, मुंगूस, माळावरचं झाडून सगळं गणगोत. प्रत्येकाला आपापलं बेट हवं होतं. अंडी फुटून पिल्लं बाहेर येईतो नकाशावरचा समुद्र पार आटला. गुहेत नाक धरून बसावं लागे. "हा पुरातनाचा दर्प," धनेश सांगे, "इतकी बेटं जगातल्या कुठल्याही नकलेत नाहीत!" आणि अस्वल खोल श्वास घेई.

तात्पर्य: टिटवीदेखील समुद्र आटवते, ही म्हण खरी आहे. मात्र शहाण्यांपुढे खरं सांगायला जाताना रिकाम्या पोटी जाऊ नये.