संग्रहातली शेवटची प्रत

चित्रपट संग्रहालयाच्या तळघरातल्या एका डब्याला आंबूस वास येऊ लागला, ही बाब भांडारपालाने रीतसर तीन प्रतींत वर कळवली. कागदाच्या प्रती काढायला बंदी नव्हती. फिल्म कुजू लागली की असाच वास येतो. डब्यात बारा मिनिटांचा मूकपट होता. कारखाना सुटतो आणि बायका फाटकातून बाहेर पडतात, एवढंच त्यात होतं. डब्यावरच्या नावांच्या यादीनुसार त्यातली चौथी बाई एका म्हातारीची आई. आई गेली तेव्हा म्हातारी दोन वर्षांची होती आणि घरात आईचा एकही फोटो नव्हता.

"दादा, एकदा दाखवा हो. चेहरा कसा होता तेवढं बघते नि जाते," ती म्हणाली.

मूळ रीळ यंत्रावर चढवलं असतं तर त्याचे तुकडे झाले असते. आधी प्रत काढायला हवी, म्हणून भांडारपाल कायदा अधिकाऱ्याकडे गेला.

"हक्क कोणाचा?"

"कोणी काढलाय तेच ठाऊक नाही, साहेब."

"मग त्याची लेखी परवानगी आणा."

"ठाऊकच नाही, तर आणू कुठून?"

"मालक सापडत नाही म्हणजे मालक नाही, असं होत नाही." अधिकाऱ्याने चष्मा पुसला. "एक वाट आहे. मूळ वस्तू पूर्ण नष्ट झाली, तर प्रत काढता येते. नियम सतरा."

"नष्ट झाल्यावर कशाची काढू?"

"तो तांत्रिक प्रश्न झाला. तो विभाग वरच्या मजल्यावर."

भांडारपालाच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण नोकरी होती. तळघरात बाहेरच्यांना मज्जाव होता, म्हणून दर महिन्याला तो एकटाच हातमोजे घालून रीळ उजेडापुढे धरायचा, एकेक चौकट पाहायचा आणि 'पुरेसे नष्ट नाही' असा शेरा लिहायचा. आठव्या महिन्यात रिळाचा भुगा झाला. परवानगी त्याच दुपारी आली, अभिनंदनासह.

म्हातारी आली तेव्हा त्याला मान वर करवेना.

"आजी, रीळ गेलं. पण मी पाहिलंय ना! तुमची आई पिन दातांत धरून अंबाडा घालत बाहेर येते. कॅमेरा दिसतो तशी खुदकन हसते आणि पिन खाली पडते."

"अगंबाई, मीही दातांतच धरते," म्हातारी म्हणाली आणि रडू लागली.

दारात कायदा अधिकारी उभा होता. "म्हणजे प्रत अस्तित्वात आहे! तीही परवानगी येण्याआधी काढलेली, म्हणजे विनापरवाना!"

भांडारपालाच्या गळ्यात त्याच संध्याकाळी नोंद क्रमांकाची चिठ्ठी अडकवली गेली. प्रती चार अंशांवर ठेवायच्या असतात, म्हणून त्याची रवानगी शीतगृहात झाली. ऐकल्यामुळे म्हातारी दुसरी प्रत ठरली. तिला शेजारची खुर्ची मिळाली. तिची काही तक्रार नाही. कुडकुडत का होईना, ती त्याला रोज पहिल्यापासून सांगायला लावते.

आणि हो, पिन खाली पडली हे आता तुम्हालाही ठाऊक झालंय. लेखी परवानगी घेतली होतीत? आत खुर्च्या मांडणं चालू आहे. स्वेटर आपापला आणावा.